चौसष्ट घरांची संख्या

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही वीस आकडी संख्या दोनच्या चौसष्टाव्या घातापेक्षा एकाने लहान आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत गेले की चौसष्ट घरांत मिळून इतके दाणे होतात. तिची ख्याती आहे ती अवाढव्य म्हणून. वास्तविक अवाढव्य संख्या लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत. एकावर हवी तितकी शून्ये दिली की काम झाले. या संख्येत पाहण्यासारखे जे आहे ते तिच्या घडणीत आहे. ती सहा पायऱ्यांत हाती येते आणि त्याच सहा पायऱ्यांवर तिचे अवयवही सापडतात.

आधी ती वाचायची कशी? रोजच्या मराठीत कोटीपर्यंत, फार तर अब्जापर्यंत नावे चालतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) दहादहा पटींनी वाढणारी अठरा स्थाने दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी त्यांची नावे. एकावर सतरा शून्ये म्हणजे परार्ध. या हिशेबाने वरील संख्या १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९५ लाख, ५१ हजार, ६१५ अशी वाचावी लागते. परार्धाच्या पुढच्या दोन स्थानांना यादीत नाव नाही, म्हणून परार्धच १८४ मोजायचे.

दाण्यांची गोष्ट भारतातली म्हणून सांगितली जाते, पण ती लिहून ठेवली अरबी ग्रंथकारांनी. बुद्धिबळाचा शोध लावणाऱ्या सिस्सा नावाच्या शहाण्याने राजाकडे हे बक्षीस मागितले, असे तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान सांगतो. त्याच्याही आधी, इ.स. १००० च्या सुमारास, अल-बिरुनीने कालगणनेवरच्या आपल्या ग्रंथात ही वीस आकडी संख्या अचूक काढून दिली होती. राजाचे धान्याचे कोठार कसे रिकामे झाले हे सगळे सांगतात. पट अर्धा भरेपर्यंत राजाला काहीच जाणवले नसणार, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. गव्हाचा दाणा सरासरी ४० मिलिग्रॅमचा धरला तर पहिल्या ३२ घरांतल्या ४,२९,४९,६७,२९५ दाण्यांचे वजन सुमारे १७२ टन भरते. दहा टन माल वाहणारे अठरा ट्रक पुरतील. राजाच्या मानाने ही फार मोठी देणगी नव्हे. संपूर्ण पटाचे वजन मात्र सुमारे ७३,८०० कोटी टन होते. आज जगभरात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे आजच्या पृथ्वीचे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक.

एकूण दाणे चौसष्टाव्या घातापेक्षा नेमके एकानेच कमी का, हे बेरीज न करता कळते. पहिल्या घरातल्या एका दाण्याशेजारी बाहेरचा एक दाणा उसना ठेवावा. आता तिथे दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घराइतके. ते दोन आणि दुसऱ्या घरातले दोन मिळून चार, म्हणजे तिसऱ्या घराइतके. अशी प्रत्येक घराची बेरीज पुढच्या घराइतकी होत जाते आणि शेवटी पटापलीकडच्या, नसलेल्या पासष्टाव्या घरातली संख्या मिळते. ती दोनचा चौसष्टावा घात. उसना दाणा परत केला की उत्तर तयार. यातूनच हेही निघते की एकट्या शेवटच्या घरात आधीच्या त्रेसष्ट घरांच्या एकूण दाण्यांपेक्षा एक दाणा जास्त असतो.

आता तो चौसष्टावा घात. दोनाला त्रेसष्ट वेळा दुप्पट करत बसणे हा एक मार्ग झाला. त्यापेक्षा फार जवळचा मार्ग भारतात छंदःशास्त्राने शोधला. चरणातले प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असते, म्हणून एक अक्षर वाढले की रचनांची संख्या दुप्पट होते. मंगलाष्टकांमुळे मराठी कानांना परिचित असलेले शार्दूलविक्रीडित १९ अक्षरांचे आहे. १९ अक्षरांत लघु-गुरूंच्या ५,२४,२८८ मांडण्या शक्य आहेत आणि शार्दूलविक्रीडित ही त्यांतली एक. ही गणती करण्यासाठी पिंगलाच्या छंदःसूत्रांत युक्ती दिली आहे ती अशी: अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करावी, विषम असेल तर एक वजा करावा आणि प्रत्येक वेळी तशी खूण करावी. शून्याला पोचल्यावर एकापासून उलटे यावे. वजाबाकीच्या खुणेला दुप्पट करावी, निम्मे केल्याच्या खुणेला वर्ग करावा. ६४ ही संख्या सहा वेळा निम्मी होऊन एकावर येते आणि एक वजा केला की शून्यावर. म्हणून उलट येताना एकाचे दोन होतात आणि पुढे फक्त सहा वर्ग करायचे: ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. त्रेसष्टांऐवजी सहा! अल-बिरुनीनेही वर्गांचाच आधार घेतला आहे. एखाद्या घरातल्या संख्येचा वर्ग केला की पहिल्या घरापासून दुप्पट अंतरावरच्या घरातली संख्या मिळते, हा त्याचा नियम. आजचा संगणक मोठे घात काढतो तोही मुळात याच रीतीने.

‘लीलावती’त हीच रीत भूमिती श्रेढीच्या बेरजेसाठी वापरली आहे आणि तिला जोडून एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देत राहिला, तर महिन्याभरात किती दिले? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क, या त्या काळच्या कोष्टकाने हे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या होतात. या कवड्यांची संख्या पुढे पुन्हा येणार आहे.

अवयवांकडे वळताना शाळेतले एकच सूत्र पुरते: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या मुळांची बेरीज गुणिले मुळांची वजाबाकी. दोनचा चौसष्टावा घात हा बत्तिसाव्या घाताचा वर्ग आहे. म्हणून त्यातून एक वजा केला की (बत्तिसावा घात अधिक एक) आणि (बत्तिसावा घात वजा एक) असे दोन अवयव पडतात. दुसऱ्याचे पुन्हा तसेच दोन तुकडे होतात आणि हे सहा वेळा चालते. शेवटी उरते ते असे:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

या यादीत पिंगलाच्या पायऱ्याच दिसतात. २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६ यांत प्रत्येकी एक मिळवला की हे सहा अवयव होतात. संख्येपर्यंत चढायची शिडी आणि संख्येच्या आत उतरायची शिडी एकच.

या सहा संख्यांना फर्माच्या संख्या म्हणतात. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० च्या सुमारास पत्रांतून असे मत मांडले की या रीतीने मिळणारी प्रत्येक संख्या मूळ आहे. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या खरोखरच मूळ आहेत. सहावीला लहानसहान संख्यांनी भाग जात नाही, आणि नेमके इथेच फर्मासारखा माणूस फसला. १७२९ साली गोल्डबाख या गणितीने पत्र लिहून गणिती लेओनार्ड ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले आणि १७३२ मध्ये पंचविशीतल्या ऑयलरने दाखवून दिले की

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

ऑयलरने वाटेल त्या मूळ संख्येने भागून पाहिले असे नाही. सहाव्या फर्मा संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले तर बाकी १ च उरली पाहिजे, हे त्याने सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवी लागू पडली.

६४१ ने भाग जातो हे पडताळण्याची एक रीत इतकी देखणी आहे की भागाकार करावासा वाटू नये. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात, आणि ६४० + १, म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, अधिक १. पहिल्या रूपाला २ च्या अठ्ठाविसाव्या घाताने गुणले तर (५ चा चौथा घात × २ चा अठ्ठाविसावा घात) + २ चा बत्तिसावा घात ही बेरीज मिळते, आणि तिला ६४१ ने भाग जातो. दुसरीकडे ६४० च्या चौथ्या घातातून एक वजा केला तर त्यात ६४० + १ हा अवयव असतोच, म्हणून त्यालाही ६४१ ने भाग जातो. पण ६४० चा चौथा घात म्हणजेच ५ चा चौथा घात × २ चा अठ्ठाविसावा घात. पहिल्यातून दुसरे वजा केले की मोठी पदे उडून जातात आणि शिल्लक राहते ते २ चा बत्तिसावा घात अधिक १. दोन्हींना ६४१ ने भाग जात असेल तर वजाबाकीलाही गेलाच पाहिजे.

तेव्हा पटावरच्या संख्येचे पूर्ण मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. एकही अवयव दोनदा येत नाही. म्हणून तिचे विभाजक मोजायला सातही अवयव घ्यायचे की सोडायचे एवढेच ठरवायचे. ते दोनचा सातवा घात, म्हणजे १२८ भरतात. तिच्या आकड्यांची बेरीज ८७, त्यामुळे तिला ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही. दोनच्या घातांचे शेवटचे आकडे २, ४, ८, ६ असे फिरत राहतात आणि ६४ ला ४ ने भाग जात असल्यामुळे चौसष्टाव्या घाताच्या शेवटी ६ येतो. म्हणून या संख्येच्या शेवटी ५.

तिच्या शेजाऱ्यांची स्थिती अगदी वेगळी आहे. एकाने मोठ्या संख्येचा मूळ अवयव एकच, तो म्हणजे २. दोनाने मोठी संख्या, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७, ही सातवी फर्मा संख्या. तिचे २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ असे दोन मूळ अवयव आहेत. फ्रान्सच्या लँद्रीने ते १८८० मध्ये प्रसिद्ध केले. थोमास क्लाउसेनने ते १८५५ मध्येच गणिती गाऊसला पत्राने कळवले होते. पटावरची संख्या आधीच्या सहाही फर्मा संख्यांचा गुणाकार आहे आणि सातवीपेक्षा दोनानेच लहान आहे. यातून एक सुंदर निष्कर्ष निघतो. सातवीचा आणि आधीच्या एखादीचा समान विभाजक असेल तर त्याने दोनालाही भाग गेला पाहिजे. पण सर्व फर्मा संख्या विषम आहेत, म्हणून असा विभाजक एकाखेरीज असूच शकत नाही. हाच युक्तिवाद सगळ्या फर्मा संख्यांना लागू पडतो आणि त्या परस्परांशी सहमूळ ठरतात. प्रत्येकीला स्वतःचा असा निराळा मूळ अवयव असतो, आणि फर्मा संख्या अनंत आहेत. तेव्हा मूळ संख्याही अनंत. गोल्डबाखने हे १७३० मध्ये ऑयलरला लिहिले. फर्माचे विधान खोटे ठरले, पण त्याच्या संख्या वाया गेल्या नाहीत.

त्या भूमितीतही उपयोगी पडल्या. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाऊसने १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ कंपास आणि आकडे नसलेली पट्टी यांनी काढता येते हे दाखवले. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली तरच अशी आकृती काढता येते. यातल्या ‘तरच’ची सिद्धता १८३७ मध्ये वांझेलने दिली. आजवर फर्मा मूळ संख्या पाचच माहीत आहेत, म्हणून अशा विषम बहुभुजाकृती ३१ होतात आणि त्यांतली सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. हीच पटाच्या पहिल्या ३२ घरांतली गणती! चौसष्ट घरांच्या संख्येइतक्या बाजूंची आकृती मात्र काढता येत नाही. ६४१ आणि ६७,००,४१७ आडवे येतात. ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची रचना योहान हेर्मेस याने दहा वर्षे खपून तयार केली आणि ते हस्तलिखित ग्योटिंगेनला पेटीत जपून ठेवले आहे. इतक्या बाजूंची आकृती कागदावर काढली तर ती वर्तुळापासून डोळ्याला वेगळी ओळखता येणार नाही, हे हेर्मेसलाही ठाऊक असणारच.

या ३१ संख्या आणखी एका अनपेक्षित ठिकाणी भेटतात. पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने लिहिलेल्या टीकेत मेरुप्रस्तार समजावला आहे. वर एक, त्याखाली एक-एक, त्याखाली एक-दोन-एक, अशी ही संख्यांची उतरंड. आतली प्रत्येक संख्या डोक्यावरच्या दोन संख्यांची बेरीज असते. पाश्चात्त्य पुस्तकांत तिला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. या मेरूत विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहून प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीने वाचली तर क्रमाने १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ असे मिळत जाते. पहिली ओळ सोडली तर बत्तिसाव्या ओळीपर्यंत नेमक्या त्या ३१ बहुभुजाकृतींच्या बाजूच चढत्या क्रमाने येतात. चौसष्टाव्या ओळीतल्या चौसष्टही संख्या विषम आहेत. ती ओळ म्हणजे सलग ६४ वेळा १, आणि द्विमान पद्धतीत ६४ वेळा १ म्हणजे पटावरची संख्या.

१८८३ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका याने ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे बाजारात आणले. तीन खुंट्यांपैकी एकीवर लहान-मोठ्या चकत्या रचलेल्या असतात. एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. त्याला जोडून काशीच्या मंदिरातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची कथाही पसरवली गेली. शेवटची चकती हलली की जगाचा अंत. चौसष्ट चकत्यांना कमीत कमी किती चाली लागतात? पुन्हा तीच संख्या. सर्वांत मोठी चकती एकदा हलते, तिच्यावरची दोनदा, त्यावरची चार वेळा. बुद्धिबळाचा पटच जणू उभा करून ठेवला आहे. सेकंदाला एक चाल केली तरी ५८,४०० कोटींहून अधिक वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, म्हणजे ती मुदत त्याच्या बेचाळीस पट.

संगणकाच्या युगात मात्र ही संख्या रोजच्या वापरात आली. आजचे बहुतेक संगणक आणि मोबाइल ६४ बिटांचे आहेत. ६४ बिटांच्या खान्यात ऋण चिन्हाची सोय न ठेवता मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच, कारण तेव्हा सगळे ६४ बिट १ असतात. तिच्यात आणखी एक मिळवला तर गाडीच्या किलोमीटर दाखवणाऱ्या चक्रांप्रमाणे सगळे आकडे उलटतात आणि शून्य दिसू लागते. तिच्या अवयवांपैकी ६५,५३७ तर बँकेच्या संकेतस्थळापासून तिकिटाच्या आरक्षणापर्यंत सुरक्षित जोडणीच्या सांकेतिक गणितात सर्रास वापरला जातो; द्विमान पद्धतीत त्यात १ फक्त दोनदा येतो, त्यामुळे कोणत्याही संख्येचा ६५,५३७ वा घात झटपट निघतो.

ऋण संख्याही हव्या असतील तर एक बिट चिन्हासाठी जातो आणि ६४ बिटांच्या खान्याची मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ वर येते. ३२ बिटांच्या खान्यात हीच मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असते. ती मूळ संख्या आहे, हे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केले होते. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याची चित्रफीत त्याहून अधिक वेळा पाहिली गेल्याचे यूट्यूबने जाहीर केले आणि प्रेक्षकसंख्येचा मोजणीखाना ६४ बिटांचा केला. त्या गाण्याने ओलांडलेली मर्यादा ‘लीलावती’तल्या दात्याने महिन्याभरात दिलेल्या कवड्यांपेक्षा बरोबर एकाने मोठी आहे.